टिकाऊ घड्याळाची कुळकथा

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, सिल्लोड व अजिंठा यांकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर फुलंब्री हे तालुक्याचे गाव लागते. या गावी सूर्य मध्यान्हरेषेवर येतो त्या क्षणी कोणाच्याही घड्याळात बरोबर बारा वाजलेले नसतात. वर्षाची सरासरी धरली तर बारा वाजून सुमारे २८ मिनिटे झालेली असतात. नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १२ मिनिटे, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे ४२ मिनिटे. कारण उघड आहे. भारताची प्रमाण वेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरून मोजली जाते, आणि फुलंब्री त्याच्या पश्चिमेस सुमारे सात अंश आहे. एका अंशास चार मिनिटे हा हिशेब शाळेतील मुलासही ठाऊक असतो. म्हणजे या गावाला दोन वेळा आहेत: एक सूर्याची, जी झाडाच्या सावलीवरून कळते; आणि दुसरी घड्याळाची, जी एस.टी., शाळा, तहसील कचेरी आणि वीजमंडळ यांची आहे. पहिली कोणासही फुकट मिळते. दुसरी मात्र विकत घ्यावी लागते, किंवा दुसऱ्याला विचारावी लागते.

ही विकत घ्यावयाची वेळ गरिबाच्या ऐपतीत कशी आली, हा मोठा मनोरंजक इतिहास आहे. ऊन, धूळ, पाऊस आणि घाम सोसणारे, थोडक्या पैशांचे आणि बरीच वर्षे चालणारे काट्यांचे घड्याळ कोणते निवडावे, हा प्रश्न दिसावयास दुकानातला आहे; परंतु त्याचे उत्तर या इतिहासातच दडलेले आहे. कारण चांगल्या घड्याळाचा एकेक गुण कोणत्या तरी एका संकटातून मनुष्याने शिकून घेतलेला आहे.

आपल्या भाषेतील ‘घड्याळ’ हा शब्दच मुळी पाण्याच्या भांड्यातून आलेला आहे. अहोरात्रीच्या ६० घटिका, एक घटिका २४ मिनिटांची आणि तिची ६० पळे, असे आपले जुने कोष्टक. घटिका मोजण्याचे साधन म्हणजे तळाशी बारीक छिद्र पाडलेली तांब्याची वाटी. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत ठेवावयाची. छिद्रातून पाणी आत शिरून वाटी बुडाली की एक घटिका भरली. लग्नमंडपात ‘घटिका भरली’ असे म्हणण्याची रूढी याच वाटीची आठवण आहे.

या घटिकापात्राविषयीची एक आख्यायिका मराठवाड्याच्या अगदी शेजारची म्हणता येईल. फुलंब्रीच्या वायव्येस, अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे, चाळीसगावजवळ पाटण हे ठिकाण आहे. तेथील शिलालेखात ज्योतिषी भास्कराचार्य व त्यांचा वंश यांचे वर्णन आहे. भास्कराचार्यांनी १०७२ या शकात, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचिला व त्यात कालमापनाच्या यंत्रांसाठी एक स्वतंत्र अध्यायच दिला. त्यांची कन्या लीलावती हिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडले होते. ती कौतुकाने त्यात डोकावली असता तिच्या अलंकारातील एक मोती पात्रात पडला, छिद्र बुजले, पाणी आत जाणे थांबले आणि मुहूर्त टळून गेला, अशी ही कथा आहे. फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्यात ती आढळते. तिला इतिहास म्हणून प्रमाण मानता येत नाही. परंतु घड्याळाच्या दृष्टीने तिच्यातील बोध शंभर टक्के खरा आहे. यंत्र कितीही अचूक असो, त्यात बाहेरचा एक कण शिरला की सारी अचूकता व्यर्थ. मोती मोलाचा होता. म्हणून काही त्याने कमी हानी केली नाही.

घटिकापात्र देवळात, वाड्यात किंवा कचेरीत असावयाचे. तास वाजविणारा पहारेकरी वेगळा. वेळ ही त्या काळी सत्तेची वस्तू होती. युरोपात सोळाव्या शतकाच्या आरंभी न्यूरेंबर्ग येथील पेटर हेन्लाइन व त्याच्यासारखे कारागीर कमानीवर चालणारी, अंगावर वागविता येणारी घड्याळे करू लागले, तेव्हाही ती श्रीमंतांचीच होती. त्यांना एकच काटा असे, कारण मिनिटे दाखविण्याइतका भरवसा त्यांचा नव्हता. १६७५ मध्ये क्रिस्तियान हायगेन्सने बॅलन्सच्या चाकास केसासारखी बारीक वेटोळी कमान जोडली, तेव्हा मिनिटकाट्याला अर्थ प्राप्त झाला. युरोपीय वकील हिंदुस्थानातील दरबारांत घड्याळे नजराणा म्हणून आणीत. पण नजराणा म्हणून आलेली वस्तू बिघडली की ती दुरुस्त कोण करणार? पुष्कळदा ती शोभेची वस्तू होऊन दिवाणखान्यात पडून राहावयाची.

सामान्य माणसाला वेळेची सक्ती केली ती आगगाडीने. मनमाडहून औरंगाबाद-जालन्यावरून सिकंदराबादेकडे जाणारा निजामाच्या राज्यातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. त्या काळी हिंदुस्थानातील रेल्वे साधारणतः मद्रासच्या वेळेने चालत. ही वेळ औरंगाबादच्या सूर्यवेळेहून सुमारे २० मिनिटांनी पुढे होती. उन्हाचा अंदाज घेऊन बैलगाडीने स्टेशनावर येणाऱ्या खेडुतास हे २० मिनिटांचे अंतर कोण सांगणार? गाडी चुकली म्हणजे त्याला आळशी म्हणून मोकळे व्हावयाचे. पण तो आळशी नव्हता, त्याची वेळ वेगळी होती. पुढे १ जानेवारी १९०६ पासून प्रमाण वेळ आली. मुंबईची स्वतःची वेळ तीहून ३९ मिनिटे मागे असे, आणि त्या शहराने आपल्या वेळेचा हट्ट पुढे ४० वर्षांहून अधिक काळ चालविला. मुंबईकरास निदान राजाबाई टॉवरकडे मान वर करून पाहता येत होते. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीने उभारलेला तो मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. फुलंब्रीसारख्या गावास मनोरा नव्हता. तेथे वेळ हवी तर ती खिशातच असली पाहिजे.

खिशातील घड्याळ गरिबाला परवडावे, असा ध्यास घेणारा पहिला मोठा कारागीर म्हणजे स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ या गावी काम करणारा जॉर्ज फ्रेडरिक रोस्कॉफ. मजुराला आठवड्याच्या मिळकतीच्या जवळपास, म्हणजे २० फ्रँकांत, चांगले घड्याळ द्यावयाचे असा त्याने निश्चय केला आणि १८६७ मध्ये तो सिद्धीस नेला. त्याने काय केले? सोन्याचांदीचे कवच टाकून दिले. भागांची संख्या कमी केली. यंत्राच्या ज्या जागी माणकाचे दगड बसवावे लागत, तेथे पोलादाच्या साध्या खिळ्या घातल्या. मुख्य कमानीचा डबा मोठा केला, म्हणजे तिला जोर अधिक. त्याच्या भोवतीच्या कारागिरांनी नाके मुरडली. हलक्या घड्याळाने आपल्या गावाची अब्रू जाईल असे त्यांस वाटले. परंतु रोस्कॉफची दृष्टी त्यांच्याहून खोल होती. महागडे घड्याळ स्वस्त करावयाचे म्हणजे त्यातील प्रत्येक वस्तू थोडी थोडी खराब करावयाची, असा लबाड व्यापाऱ्याचा मार्ग असतो. रोस्कॉफने मालाचा कस उतरविला नाही; नको असलेल्या गोष्टी गाळल्या, आणि ज्या ठेवल्या त्या भक्कम ठेवल्या. स्वस्त व टिकाऊ हे दोन्ही शब्द एकत्र नांदावयाचे असतील, तर ते याच एका रीतीने.

अमेरिकेत इंगरसोल बंधूंनी १८९६ मध्ये ‘यँकी’ नावाचे खिशातील घड्याळ एक डॉलरला विकावयास काढले. ते वॉटरबरी कंपनी तयार करीत असे, आणि पुढे याच कंपनीच्या वंशात टायमेक्स हे नाव जन्मास आले. डॉलरचे घड्याळ लक्षावधी लोकांनी घेतले. पण ते दुरुस्तीसाठी बनविलेले नव्हते. बिघडले की टाकावयाचे. येथपासून स्वस्त घड्याळाच्या कुळात दोन शाखा झाल्या: एक दुरुस्त करून वापरावयाची, दुसरी वापरून टाकावयाची. हा भेद आजही कायम आहे आणि गिऱ्हाइकाने पहिला विचार करावयाचा तो याचाच.

त्याच अमेरिकेत एका भयंकर अपघाताने आणखी एक धडा दिला. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो प्रांतातील किप्टन येथे दोन आगगाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे थांबून पुन्हा चालू झाले होते आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. या प्रकरणानंतर वेब बॉल या जव्हेऱ्याच्या देखरेखीखाली रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक करण्यात आले. १८९३ च्या सुमारास ठरलेल्या त्या नियमांत, आठवड्यास ३० सेकंदांहून अधिक चूक नसावी, ही अट तर होतीच. परंतु तितकाच भर तबकडीवर होता. तबकडी झाकणाविना उघडी, अंक साधे व ठळक, काटे ठसठशीत काळे. वेळ बरोबर असून भागत नाही, ती एका दृष्टिक्षेपात बरोबर वाचताही आली पाहिजे, हे तत्त्व किप्टनच्या मृतांनी जगास शिकविले. आज दुकानांत बारीक रेघांच्या, अंक नसलेल्या, चकाकत्या तबकड्यांची चलती आहे. भर उन्हात कपाशीच्या शेतात उभे राहून अशी तबकडी वाचून पाहावी, म्हणजे जुन्या नियमांचे मोल कळेल.

घड्याळ खिशातून मनगटावर आले ते युद्धामुळे. १९१४ पूर्वी मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पहिल्या महायुद्धात खंदकांतील शिपायाला एका हातात बंदूक असताना कोटाच्या बटणांशी झटापट करावयास सवड नव्हती. आणि तोफांचा मारा व पायदळाची चढाई यांची वेळ मिनिटात बसवावी लागे. तेव्हा लहान खिशाच्या घड्याळास तारेच्या कड्या डाखून पट्टा ओवण्यात आला. काचेवर जाळी आली, कारण काच फुटे. अंधारात दिसावे म्हणून काट्यांना रेडियमचा रंग लागला. मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यापर्यंत लढलेल्या मराठा पलटणींनी त्या भागातील धूळ व ऊन अंगावर घेतले. तेथे खिशातल्या नाजूक यंत्राचे काय होत असेल, हे निराळे सांगावयास नको. मुंबईत १८८६ पासून व्यापार करीत असलेल्या वेस्ट एन्ड वॉच कंपनीच्या घड्याळांपैकी एकाचे नाव ‘सवार’ असे होते. सरकारी नोकर, शिपाई, रेल्वेवाले असे गिऱ्हाईक या कंपनीने ओळखले होते, आणि जुन्या मराठी घरांच्या कपाटांत ही घड्याळे आजही आढळतात.

रेडियमची कथा मात्र दुःखद आहे. न्यू जर्सीतील कारखान्यात मुली तो रंग तबकडीवर भरताना कुंचल्याला टोक यावे म्हणून ओठांनी चुंबीत. त्यांपैकी अनेकींच्या जबड्याची हाडे सडली, कित्येक मरण पावल्या. काहींनी कंपनीवर खटला भरला. १९२८ मध्ये त्यात तडजोड झाली आणि कामगारांच्या संरक्षणाचा प्रश्न जगापुढे आला. आज घड्याळांवर लागणारा चमकता रंग निरुपद्रवी आहे. तो उजेड पिऊन अंधारात परत देतो. परंतु आजोबांचे हिरवट पिवळ्या काट्यांचे जुने घड्याळ हाती लागले, तर त्याची काच उघडून काटे खरवडण्याचा मोह कोणी करू नये. चमक गेली तरी रेडियम जात नाही.

दोन युद्धांच्या मधल्या काळात राहिलेले शत्रू जिंकले गेले. पाण्याला व धुळीला बंद असे रोलेक्स कंपनीचे ‘ऑयस्टर’ कवच १९२६ मध्ये निघाले, आणि पुढच्या वर्षी मर्सिडीझ ग्लाइट्झ या जलतरणपटूने इंग्लिश खाडीत पोहताना ते बरोबर नेले. बॅलन्सच्या चाकाची नाजूक टोके धक्क्याने मोडू नयेत म्हणून त्यांचे दगड लवचिक कमानीवर बसविण्याची ‘इन्काब्लॉक’ युक्ती १९३४ च्या सुमारास आली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, ब्रिटिश सरकारने सैनिकांसाठी बारा कंपन्यांकडून एकाच नमुन्याची घड्याळे करवून घेतली. काळी तबकडी, ठळक अंक, अंधारात दिसणारे काटे, न फुटणारी काच, पाणी व धूळ यांस बंद कवच, आणि १५ दगडांचे साधे यंत्र. तारीख नाही, वार नाही, शोभा नाही. बाहेर हिंडणाऱ्या माणसाच्या घड्याळाचा आराखडा येथे पूर्ण झाला. त्यानंतरच्या ८० वर्षांत त्यात फार थोडी भर पडली आहे.

या दगडांविषयी एक गैरसमज अजून घरोघर आहे. ‘१७ ज्युवेल्स’ असे लिहिलेले पाहून आत हिरे-माणके असल्याची समजूत होते. व्हेर्नॉयने १९०२ मध्ये भट्टीत कृत्रिम माणिक करण्याची रीत जाहीर केली, तेव्हापासून या दगडांना दागिन्याचे मोल उरलेले नाही. त्यांचे काम एवढेच, की फिरणारी पोलादी टोके झिजू नयेत. १७ दगड साध्या किल्लीच्या घड्याळास पुरेसे होत; त्याहून अधिकांची जाहिरात ऐकून अधिक पैसे देण्याचे कारण नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची राजवट संपली. फुलंब्री भारतीय संघराज्यात आली, पुढे १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. परंतु स्वतंत्र देशातही घड्याळ मात्र परदेशीच होते. परकीय चलनाची टंचाई, आयातीवर निर्बंध, आणि त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर सोन्याबरोबर स्विस घड्याळांची चोरटी आयात, असा तो काळ. खेड्यापाड्यांत लग्नाच्या बैठकीत घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही नवरदेवाची मागणी ठरून गेली होती. ज्या बापाने स्वतः जन्मभर सूर्याकडे पाहून वेळ ओळखली, त्याने जावयाच्या मनगटासाठी कर्ज काढावयाचे! १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी बंगळूर येथे हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळांचे काम हाती घेतले. कायद्याने रूढी एकाएकी मोडली नाही. पण घड्याळाची दुर्मिळता ओसरू लागली, आणि दुर्मिळतेबरोबर त्याची मिजासही.

एच.एम.टी.चे ‘जनता’ हे घड्याळ म्हणजे रोस्कॉफच्या विचाराचे भारतीय रूपच होय. तबकडीवर देवनागरी अक्षरांत ‘जनता’ हे नाव, किल्लीवर चालणारे १७ दगडांचे यंत्र, रोज सकाळी एकदा किल्ली दिली की दीड दिवसाची बेगमी. ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’, आपोआप किल्ली भरणारे ‘कांचन’, सैनिकांसाठी ‘जवान’, आणि अंधांना बोटांनी वाचता येईल असे ब्रेलचे घड्याळ, असा त्याचा परिवार वाढला. श्रीनगर, तुमकूर, राणीबाग येथे कारखाने निघाले. हैदराबादच्या आल्विन कंपनीनेही जपानच्या सेइको कंपनीच्या साहाय्याने घड्याळे काढली. मॅट्रिक पास झालेल्या मुलास एच.एम.टी. घेऊन देणे, ही तीन दशके मराठी घरांची रीत होती. त्याचे खरे बळ कारखान्यात होते तितकेच रस्त्यावर होते. प्रत्येक बाजारगावी डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळजी असे. त्याच्याजवळ या यंत्राचा सुटा भाग मिळे, आणि तो न मिळाला तर दुसऱ्या मोडक्या घड्याळातून काढून बसविता येई. लाखो घड्याळांत एकच यंत्र असल्याचा हा लाभ. टिकाऊपणा हा घड्याळाचा गुण खराच. पण तो अर्धाच घड्याळात असतो, उरलेला अर्धा ते उघडू शकणाऱ्या माणसात असतो.

या राज्याला धक्का दिला तो क्वार्ट्झने. गारेच्या जातीच्या स्फटिकाला विजेचा स्पर्श झाला की तो ठराविक गतीने कंप पावतो, हे तत्त्व घड्याळात प्रथम १९२७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वापरले गेले; ते यंत्र कपाटाएवढे होते. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने तेच मनगटावर आणले. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या दोनचा पंधरावा घात आहे. म्हणजे पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, आणि सेकंदकाटा एक घर पुढे जातो. किल्लीचे साधे घड्याळ दिवसाला जितके चुकते, तितके हे महिन्याला चुकते. हलणारे भाग थोडे, म्हणून किंमतही थोडी. टाटा व तामिळनाडू सरकारचे मंडळ यांच्या भागीदारीतून निघालेल्या टायटन कंपनीची क्वार्ट्झ घड्याळे १९८७ मध्ये बाजारात आली, आणि किल्लीची घड्याळे मागे पडत गेली. एच.एम.टी.नेही क्वार्ट्झ केली, पण ती गाडी तिला गाठता आली नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी. वॉचेस बंद करण्याच्या निर्णयास मान्यता दिली.

आता असा प्रश्न येईल, की प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना घड्याळ हवेच कशाला? शहरी माणसास हा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. फुलंब्रीच्या शेतकऱ्यास मात्र पंपाला वीज कधी दिवसा, कधी रात्री, ठरलेल्या तासांत मिळते. त्याचे हात चिखलाने किंवा औषधाने भरलेले असतात आणि मोबाइल कोरड्या जागी गुंडाळून ठेवलेला असतो. किती वेळ पाणी दिले, वीज जाण्यास किती अवधी उरला, हे त्याला मनगट फिरवून पाहता आले पाहिजे. शिवाय काट्यांच्या तबकडीवर वेळ वाचावी लागत नाही, ती दिसते. दोन काट्यांमधील कोन पाहिला की किती गेले आणि किती राहिले, हे एकदम ध्यानात येते.

तेव्हा या सर्व इतिहासाचे सार दुकानात कसे लावावयाचे? लीलावतीच्या मोत्यापासून आरंभ करावा. घड्याळाच्या पाठीवरील मजकूर प्रथम वाचावा. ‘३० मीटर’ असे लिहिले असेल तर ते ३० मीटर खोल पाण्यात चालेल असा अर्थ नव्हे. प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचा तो आकडा आहे आणि व्यवहारात तो हात धुणे व पावसाचे शिंतोडे एवढ्यापुरताच समजावा. विहिरीत पोहणाऱ्याने, धो धो पावसात काम करणाऱ्याने १०० मीटरचे घ्यावे. मागील झाकण आट्यांचे किंवा स्क्रूंचे असल्यास अधिक बरे. झाकणाखालची रबरी कडी काही वर्षांनी कडक होते. सेल बदलताना तीही बदलून घ्यावी, नाही तर नव्या सेलबरोबर पाण्यालाही वाट मिळते.

किप्टनला स्मरून तबकडी निवडावी: बाराही अंक, जमिनीच्या रंगाशी विरुद्ध रंगाचे काटे, आणि सेकंदाचा काटा अवश्य. खंदकातील शिपायाला स्मरून काच व पट्टा पाहावा. प्लॅस्टिकची काच ओरखडते, पण फुटत नाही, आणि घासून पुन्हा स्वच्छ होते. खनिज काच कमी ओरखडते, पण दगडावर आपटली तर तडकते. घामाने कातडे कुजते, म्हणून शेतातील कामास रबराचा किंवा नायलॉनचा पट्टा उत्तम. एकसंध नायलॉन पट्टा दोन्ही पिनांखालून ओवलेला असतो. एक पीन निसटली तरी घड्याळ मनगटावरच राहते. पट्ट्याची रुंदी १८ किंवा २० मिलिमीटर अशी चालू मापाची असावी. कवचाशी एकजीव केलेला खास आकाराचा पट्टा तुटला की पुष्कळदा चांगले घड्याळही निकामी होते.

क्वार्ट्झ घ्यावे की किल्लीचे, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या उपयोगात आहे. मोटारसायकलचे हादरे, ट्रॅक्टरची धूळ आणि रोजची धावपळ यांसाठी साधे क्वार्ट्झ हेच थोडक्या पैशांत विश्वासाचे आहे. आज दोन हजार रुपयांच्या आसपास नामांकित कंपन्यांची अशी घड्याळे मिळतात, आणि त्यांचा सेल दोन-तीन वर्षे सहज पुरतो. किल्लीच्या घड्याळाची आवड असेल, तर ते ओळखीच्या घड्याळजीला दाखवूनच घ्यावे. जुन्या एच.एम.टी.च्या नावाने निरनिराळ्या यंत्रांचे तुकडे जोडून, तबकडी नव्याने रंगवून विकण्याचा धंदा जोरात आहे. भडक रंगाची, नवीकोरी दिसणारी ‘जुनी’ तबकडी ही बहुधा त्याची खूण असते. आणि तारीख, वार, तीन-तीन लहान तबकड्या, ज्या फिरतही नाहीत अशा, या गोष्टींसाठी पैसा देऊ नये. जे रोस्कॉफने गाळले, ते पुन्हा विकत घेण्यात शहाणपण नाही.

घड्याळजींची संख्या मात्र घटत चालली आहे. ज्या मनुष्याने शेकडो घरांतील घड्याळे चालू ठेवली, तो आज पुष्कळ गावी सेल व पट्टे बदलून पोट भरतो, आणि त्याच्या पश्चात त्याचे भिंग हाती घेणारा कोणी नसतो. एच.एम.टी. बंद झाल्याचा विषाद सर्वांना वाटला; या माणसाचे दुकान बंद झाल्याची बातमी कोठे येत नाही. घरातील जुने किल्लीचे घड्याळ तीन-चार वर्षांनी एकदा त्याच्याकडून साफ करून, तेल घालून घेतले, तर घड्याळाचे आयुष्य वाढते आणि त्याच्या कसबाचेही.

एकेकाळी वेळ देवळाची होती, मग कचेरीची झाली, मग आगगाडीची. ती मजुराच्या, शेतकऱ्याच्या व शाळामास्तराच्या मनगटावर यावयास कित्येक शतके आणि अनेक कारागिरांचे आयुष्य खर्ची पडले. म्हणून स्वस्त घड्याळास हलके समजू नये. जे उन्हात वाचता येते, पावसात बंद पडत नाही, आणि गावच्या माणसाला उघडता येते, ते थोडक्या पैशांत घेतलेले असले, तरी तेच खरे मोलाचे.